खडीसाखर

डॉक्टर आल्मुट टेबलापलीकडून विचारतात:
शून्य ते दहा, भीती किती?
खाली पार्किंगमध्ये एक निळी गाडी डावीकडे वळतेय.
सात, मी म्हणते.
गाडी वळून निघून जाते.
चार.
त्या दोन्ही आकडे लिहितात आणि एक खोडतात.
कुठला, ते दिसत नाही.

हाड एकही मोडलं नाही, मान्य.
गाडीचे पैसे तर अकरा दिवसांत आले:
बंपर, डावा दरवाजा, काच, रंग,
ओढून नेल्याचं भाडंसुद्धा.
गाडीला कुणी विचारलं नाही
की बाई, तू आधीपासूनच घाबरट होतीस का?

मला विचारलं.
आई गेली त्या वर्षी सहा आठवडे
झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या मी.
तो कागद त्यांनी बरोब्बर शोधून काढला.
म्हणजे भेग जुनीच, म्हणाले.

वकील मेन्नेंगा भला माणूस.
सगळं लिहून काढा, गेशेबाई, लाजू नका.
बसले लिहायला.

बांधावरचा रस्ता. नोव्हेंबर. हाताला हात दिसू नये असं धुकं.
मी उलटी, पट्ट्याला लोंबकळत,
कालव्याचं पाणी केसांना लागेल न लागेल इतकं खाली,
आणि इंडिकेटर चालूच.
वळायचं होतं ना मला.
चाळीस मिनिटं तो सांगत राहिला
ही बाई आता डावीकडे वळणार आहे,
ही बाई आता

तेव्हापासून डावीकडे वळत नाही मी.
बेकरी दोन रस्ते सोडून;
तीनदा उजवीकडे वळून पोचते,
घरी येईतो पाव गार.
बावीस वर्षं पियानो शिकवतेय.
मेट्रोनोम आता कपाटात, लोकरी मोज्यात गुंडाळलेला.
मुलं तालाला चुकतात.
चुकू देते.

आणि चहा.
परक्या माणसाला हे सांगणं अवघड आहे:
आमच्या या समुद्रकाठी कपात आधी खडीसाखरेचा खडा,
वरून कढत चहा,
मग सगळ्यांनी गप्प राहायचं
खडा तडकेपर्यंत.
काच तशीच तडकली होती.
हिनरिक हल्ली आत जाऊन चहा ओततो,
दार लोटून घेतो,
कप आणून ठेवतो मुकाट्यानं.
चोपन्न वर्षांचा माणूस
चोरी केल्यासारखा चहा करतो स्वतःच्या घरात.
हेही लिहिलं मी.
मेन्नेंगांनी समासात पेन्सिलीनं नोंदवलं: याला रकाना नाही.

रेमर आजोबांनाही रकाना नाही.
धडक त्यांच्या गाडीची. वय एक्क्याऐंशी.
कंपनीनं बजावलंय, माझ्याशी बोलायचं नाही,
बोललात तर कबुली ठरेल.
चर्चच्या दारात समोर आले की टोपी काढतात
आणि पुन्हा घालायला विसरतात.
परवा पावसात तसेच उभे होते,
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मला वाटतं, तेही झोपत नसावेत.
पण ते माझ्या वकिलाला सांगू नये म्हणतात.

काल आकडा आला. अठ्ठावीसशे युरो.
आमच्या भाषेत याला वेदनेचा पैसा म्हणतात,
ऐकायला पगारासारखं,
जणू मी वेळेवर कामाला गेले आणि वेदना करून आले.
खाली बारीक अक्षरांत:
यापुढे उद्भवणारे त्रासही यातच मिटले असे समजावे.

यापुढचे.
म्हणजे आजची रात्र त्यांची झाली,
आणि पुढच्या नोव्हेंबरातलं धुकंही.

सही करून टाका, मेन्नेंगा म्हणतात,
कोर्टात दोन वर्षं जातील, वर पुन्हा तेच प्रश्न.
खरं आहे त्यांचं.
दार उघडतं. हिनरिक तिसरा कप ठेवतो.

पुरे, असं आमच्यात तोंडानं म्हणत नाहीत.
चमचा कपात ठेवायचा,
ओतणाऱ्याला कळतं.

पेन कागदावर आडवं पडलंय.
चमचा बशीत.
किटली इकडेच आण, हिनरिक, मी म्हणते,
आणि तो साखरेचा डबा.